बांगड्या भरलेला नवरा

“वहिनी, तुम्ही रडता कशा, ते एकदा दाखवा,” शंकरमास्तर म्हणाले.

मी त्यांच्या कमरेशी निऱ्या खोचत होते. ओठांत दोन टाचण्या धरलेल्या, म्हणून लगेच बोलता आलं नाही. टाचण्या काढून मी म्हटलं, “त्यात दाखवायचं काय? रडतात तसंच रडते.”

“नाटकात मी चौदा वर्षं रडलो. हात कपाळाला, मान मागे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे. पण चुलीपुढे बसलेली बाई तशी रडत नसणार.”

“चुलीपुढे बाई रडतच नाही,” मी म्हटलं. “ती फुंकणी फुंकते. डोळ्यांना पाणी येतं ते धुरानं.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या आरशात बघून त्यांनी मान हलवली आणि सुताराला हाक मारून एक फुंकणी आणायला सांगितली.

ही गोष्ट सव्वीस सालची. साताऱ्याबाहेर कोरेगावच्या वाटेवर एका आमराईत फिल्म कंपनी उतरली होती. तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता. माणसं नुसती ओठ हलवायची आणि मधूनमधून पडद्यावर अक्षरांची पाटी यायची. कंपनीचे कपडे शिवायचं काम माझ्या मालकांना मिळालं होतं. रंगनाथ खटावकर, शिंपी. मी त्यांची बायको द्वारका, वय तेवीस.

कंपनीत बाई एकही नव्हती. बायकांची कामं शंकरमास्तर करत. एके काळी नाटक मंडळीत ते नायिका होत. आता चाळिशी उलटली होती, गाल सुटले होते, म्हणून नायिका गेली आणि कजाग बायको वाट्याला आली. लुगडं ते स्वतःच नेसत. पण फिल्म काढणारे दाजीसाहेब म्हणाले, “हे नाटकातलं नेसणं झालं. मला रोज भांडी घासणारी बाई हवी.” तेव्हा मालकांनी मला धाडलं. आळीत कुणीतरी विचारलं, परक्या पुरुषाला लुगडं नेसवायला घरची बाई कशी पाठवता? मालक हसून म्हणाले, “तो कसला पुरुष? बाईच आहे ती.”

मलाही तसंच वाटू लागलं होतं. मास्तर खाली बसताना ओचा आवरून बसत. कुणी जवळून गेलं की अंग चोरत. पाणी पिताना पदर ओठांशी धरत, तेही मी शिकवलं नव्हतं. माझ्याशी बोलताना आवाज कधी चढत नसे. मला बहीण नव्हती. दुपारी आंब्याखाली बसून ते चिवड्याची पुडी सोडत आणि अर्धी माझ्यासमोर सरकवत, तेव्हा बहीण असती तर अशीच असती, असं मनात येई.

फिल्म विनोदी होती. नाव ‘घरकोंबडा’. बायको डोक्याला फेटा बांधून कचेरीत जाते आणि नवरा घरी भाकऱ्या थापतो. नवऱ्याचं काम गुंडूनाना करत. किडकिडीत अंग, मोठे कान, नुसते उभे राहिले तरी माणसं हसायची. आपल्याकडे भित्र्या माणसाला म्हणतात ना, बांगड्या भर म्हणून, तर दाजीसाहेबांनी गुंडूनानांच्या हातात खरोखरच हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. बायको घरी आली की नवऱ्याला बदडते, तोच फिल्मचा मुख्य भाग.

मी एकदा दाजीसाहेबांना विचारलं होतं, “यात हसायचं काय?”

“अहो बाई, बाईनं पुरुषाला मारलं की लोक हसतात,” ते म्हणाले. “पुरुषानं बाईला मारलेलं बघायला तिकीट कोण काढील? ते घरोघरी फुकट. आणि मारणारी बाईसुद्धा खरी नको हं. लुगड्यातला पुरुष असला तरच लोक पोट धरून हसतील. खरी बाई मारताना दिसली तर खुर्च्या मोडतील.”

पण मारायचा प्रसंग काही जमेना. मास्तर लाटणं घेऊन धावत, डोळे वटारत, पाय आपटत. गुंडूनाना कोलांटी खात. कॅमेरा फिरवणारा माणूससुद्धा जांभई देई. चौथ्या दिवशी दाजीसाहेब वैतागून म्हणाले, “मास्तर, ही नाटकातली कैकेयी झाली. मला घरातलं माणूस पाहिजे.” आणि सगळ्यांना जेवायला सोडलं.

आम्ही आंब्याखाली बसलो. ऊन कडक होतं. समोर दाजीसाहेबांचं स्वयंपाकघर उभं होतं. तीनच भिंती, छप्पर नाही, वर उन्हासाठी पांढरी चादर ताणलेली. एकच दार. दाराची कडी उंच, टाचा उचलल्याशिवाय हात न पोचणारी. डाव्या हाताला फळी, फळीवर पिठाचा डबा. ती खोली मांडली तेव्हापासून मला तिच्यात पाऊल टाकवत नव्हतं. माझ्या घरी कडी तशीच होती, फळी त्याच हाताला होती. तशी ती पुष्कळ घरांत असते, असं मी स्वतःला सांगत होते.

मास्तरांनी हळूच विचारलं, “वहिनी, घरातलं माणूस हात उचलण्याआधी काय करतं?”

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी हातातल्या धाग्याला गाठ मारत होते आणि गाठीकडे बघतच बोलले.

“आधी दाराला कडी घालतं.”

“मग?”

“टोपी काढून खुंटीला लावतं. झटकून. घाई नसते.”

“मग?”

“सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून फळीवर ठेवतं. तोंडानं काहीतरी गुणगुणत असतं. भजनाची चाल असते.”

मास्तर मान हलवत होते. पाठ केलेला धडा कुणी बरोबर म्हणून दाखवावा आणि ऐकणाऱ्यानं मान हलवावी, तशी. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा बोलले होते, तेही एका पुरुषाजवळ. पण त्याला पुरुष कोण म्हणत होतं?

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. हात वर होत नव्हता. विहिरीवर घसरले, असा निरोप धाडला. तो प्रसंग माझ्या माघारी चित्रित झाला.

आमच्या घरी हे नेहमी दुपारी व्हायचं. जेवणं झाली की आळी झोपायची. मालकांचं शिवणाचं मशीन तेवढं चालू असायचं, आणि ते मधेच थांबलं की मी हातातलं काम खाली ठेवायची. मी ओरडत नसे. ओरडलं तर शेजारी ऐकतील, असं ते म्हणत, आणि मलाही शेजाऱ्यांची लाज वाटे. बाहेर मालक गोगलगाय म्हणून प्रसिद्ध होते. कुणाशी वर मान करून बोलत नसत. शेजारची राधाक्का तांबटीण तर मला सारखी म्हणायची, “नशीब काढलंस, द्वारके. महिना गेला नाही की तुझा नवरा कासाराला घरी बोलावतो. आमच्या ह्यांना मी बांगड्या घालते की नाही हेसुद्धा ठाऊक नसेल.”

दिवाळीनंतर फिल्म साताऱ्यात आली. मैदानात तंबू लागला. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मधे कनात. आमची सगळी आळी गेली. मालकांनी शिवलेले कपडे पडद्यावर दिसणार म्हणून ते पुरुषांत अगदी पुढे बसले होते. मी बायकांत, राधाक्काच्या शेजारी. पडद्याखाली पेटीवाला आणि तबलजी. पाट्या वाचून दाखवायला एक माणूस उभा.

सुरुवातीला तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. गुंडूनाना भाकरी थापताना पीठ उडून पांढरेफटक झाले, मास्तर फेटा बांधून मिशीला पीळ दिल्यासारखा हात फिरवत कचेरीला निघाले. पाटी वाचणारा ओरडला, “मी येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकलंस तर याद राख.” आमच्या बाजूच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसत होत्या. कनातीपलीकडून मालकांचं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं. त्यांचं हसणं बारीक होतं.

मग बायको घरी आली.

तिनं दार लोटलं. टाचा उचलून वरची कडी घातली. फेटा उतरवला, दोनदा झटकला, खुंटीला लावला. पुरुष हसत होते. मग तिनं उजव्या हाताच्या बोटातलं काहीतरी काढलं आणि डाव्या हाताच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. तिचे ओठ हलत होते. पाटी आली नाही. ती काहीतरी गुणगुणत होती आणि आवाज नव्हता. उजवा खांदा किंचित वर, मान डावीकडे कललेली. शिवणावर वाकून वाकून मालकांचा खांदा तसा झाला होता; मापं घ्यायला येत तेव्हा मास्तरांनी तो बघितलेला. लुगडं मी शिकवलेल्या नेसणीचं होतं आणि आतलं माणूस मालक होते.

हसू कमी कमी होत गेलं. कुणी गप्प करत नव्हतं, आपोआप. पेटीवाला चाल वाजवत होता, त्याचे हात थांबले. तो वर पडद्याकडे बघत राहिला. तबलाही थांबला. सिनेमाचं मशीन फिरवणाऱ्याच्या हँडलचा तेवढा आवाज.

बायकोनं हात उचलला. पळापळ नाही, कोलांट्या नाहीत. गुंडूनाना मागे सरकत भिंतीला टेकले आणि त्यांनी दोन्ही हात तोंडासमोर धरले. एक, दोन, तीन. तिसऱ्या वेळी बांगड्या फुटल्या. पडद्यावर काच पांढरी दिसत होती.

तिथे कुणीतरी पुरुष मोठ्यानं हसला आणि एकटाच पडल्यामुळे लगेच थांबला.

इथवर मला कळत होतं. हे मी सांगितलं होतं. मास्तरांनी घेतलं आणि वापरलं, एवढंच. मग ती बायको खाली बसली. ओचा आवरून बसली आणि जमिनीवरचे काचेचे तुकडे वेचू लागली. एक एक. बोटाला थुंकी लावून बारीक चुरासुद्धा उचलला. सगळं रुमालात बांधलं आणि रुमाल पिठाच्या डब्यामागे ठेवला. दुसऱ्या चित्रात सकाळ झालेली, दारात कासार बसलेला, आणि ती बायको हसतमुखानं नवऱ्याचा हात कासारापुढे धरते आहे, नव्या बांगड्या भरायला.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मास्तरांना नाही, आईला नाही, देवालाही नाही.

माझ्या शेजारी राधाक्काची मान हळूहळू वळली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. परवाच भरलेल्या बांगड्या होत्या, डझनभर, कोऱ्या. पुढच्या ओळीतली एक बाई मागे वळली. मग आणखी एक. पडद्याच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे चुन्यासारखे दिसत होते.

मी हात पदराखाली घेतले. आणि तेव्हा मला एक आवाज ऐकू आला. बारीक किणकिण. आमच्या सबंध बाजूला, अंधारात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कितीतरी बायका आपापले हात पदराखाली घेत होत्या.

घरी येताना मालक माझ्या मागून चालत होते. एरवी ते पुढे असत. दार उघडून आत आल्यावर त्यांचा हात सवयीनं कडीकडे गेला आणि तसाच खाली आला.

“त्या नटाला काय काय सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“कडी, टोपी, अंगुस्तान, भजनाची चाल. एवढंच.”

“आणि पुढचं?”

“पुढचं मी सांगितलेलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खोटं बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मी खरं बोलते आहे हे त्यांना दिसलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना भ्यालेलं पाहिलं. त्यांनी खिडकी लावली. मग वर कौलांकडे बघू लागले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. पण सुख काही वाटेना. कुणीतरी बघतं आहे, असं त्यांनी मनात घेतलं होतं. स्टुलावर चढून ते कौलांच्या फटींत चिंध्या कोंबत. भर दुपारी घरात दिवा लावावा लागे. मशीन चालवता चालवता थांबत आणि मागे वळून भिंत न्याहाळत. संध्याकाळी रोज तंबूत जात. खेळ सहा दिवस होता. सहाही दिवस ते गेले. परत आले की मला विचारत, “आज रुमाल आधी ठेवला, का कासार आधी आला?”

आठवड्यानं आमराईत नव्या फिल्मचं काम सुरू झालं. मी गेले. मास्तर आरशापुढे बसले होते. दाढी नुकती घोटलेली, अंगात चोळी, खाली धोतर. मी लुगडं उलगडलं आणि त्यांच्या कमरेभोवती घेतलं.

“मास्तर, तुकडे वेचायचं तुम्हाला कसं कळलं?”

ते आरशात माझ्याकडे बघत होते. “वेचावेच लागतात, वहिनी. नाहीतर पायात जातात. सकाळी झाडणारी येते, तिच्या नजरेला पडतात.”

मी निऱ्या घालत होते. चार झाल्या, पाच झाल्या. सहावी घालताना माझी बोटं थांबली. तुकडे वेचावे लागतात, असं जिच्या बांगड्या फुटतात ती म्हणत नाही. ती कोपऱ्यात बसलेली असते. वेचणारा दुसरा असतो.

“तुम्ही वेचलेत?”

“मी शिकायला तुमच्याजवळ येत नव्हतो,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “सगळीकडे तसंच असतं का, ते ताडून बघत होतो. माझं अंगुस्तान नव्हतं. अंगठी होती. बाकी सगळं तेच.”

बाहेर सुतार खिळे ठोकत होता. चादरीतून येणारा उजेड मास्तरांच्या चेहऱ्यावर सपाट पडला होता.

“त्यांचं नाव काय?”

“कृष्णा. मी नाटकात जे जे केलं ते तिचं. चालणं तिचं. पदर ओठांशी धरणं तिचं. मिरजेला बायका माझं बघून तसा पदर घ्यायला लागल्या होत्या. टाळ्या घेऊन घरी यायचो, आणि घरी तीच मला चालताना दिसायची. माझ्याहून चांगली. ते मला सोसायचं नाही.”

“आता कुठं असतात?”

“अठरा साली साथ आली, त्यात गेली,” ते म्हणाले. मग आरशावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, “लोकांना मी तसं सांगतो.”

माझे दोन्ही हात त्यांच्या कमरेला होते. मी ते काढून घेतले. निऱ्या जमिनीवर पडल्या. मी दोन पावलं मागे सरले.

“या फिल्ममध्ये मी तिला मारू दिलं,” ते आरशातच बघत म्हणाले. “तिच्या हातानं. एकदा तरी. बघितलंत ना तुम्ही, पडद्यावर तीच होती. मी नव्हतो.”

मी म्हटलं, “मार गुंडूनानांनी खाल्ला, मास्तर.”

त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर आले. दाजीसाहेबांनी विचारलं, मास्तर तयार झाले का? मी म्हटलं, त्यांचं त्यांना नेसता येतं. आणि सरळ रस्त्याला लागले. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. पुढे बोलपट आल्यावर ते कुठंतरी उत्तरेकडे गेले आणि तिकडेच वारले, एवढं गुंडूनानांकडून कळलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्यांच्याबद्दल नाही, कृष्णेबद्दल बोलते आहे.

घरी आले तर मालक सामान बांधत होते.

“आपण गदगला जाऊ,” ते म्हणाले. “तिकडे माझा मावसभाऊ आहे. कापडाचं दुकान आहे. तिथं मराठी पाट्यांचा सिनेमा जात नाही. आपल्याला कुणी ओळखत नाही.”

किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा हलका झाला होता. मला आधी बरं वाटलं. मग त्यांनी अंगुस्तान फळीवरून उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बोटात घातलं. “तिथं दाराला चांगली भक्कम कडी आहे म्हणे,” ते सहज म्हणाले, “आणि वर पत्रा आहे. फटी नाहीत.”

दोन दिवसांनी सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. ट्रंक चढली, भांड्यांचं पोतं चढलं, गाडीवाल्यानं आणि मालकांनी मिळून मशीन चढवलं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. मला काय म्हणायचं होतं ते माझ्याजवळ तयार नव्हतं. राधाक्का आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“चल,” मालक म्हणाले.

“मी येत नाही,” मी म्हटलं. आवाज इतका लहान आला की त्यांना ऐकू गेला नाही. पुन्हा म्हणावं लागलं. “मी येत नाही. तुम्ही जा.”

ते गाडीपाशी थांबले. आळीतली दारं एकेक करून उघडी होत होती. बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. मालकांना माणसांनी बघितलेलं सोसत नव्हतं. त्यांची नजर या दारावरून त्या दारावर फिरत होती, आणि प्रत्येक दारात कुणीतरी होतं.

राधाक्कानं सूप खाली ठेवलं. ती जाडजूड बाई, गुडघे दुखणारी. ती गाडीपाशी आली, गाडीवाल्याच्या खांद्यावर हात टेकून वर चढली आणि मशीनवर जाऊन बसली.

“हे राहू दे तिला,” ती म्हणाली.

मालक बैलांच्या शिंगांकडे बघत राहिले. गोगलगायच होते ते, घराबाहेर. थोड्या वेळानं गाडीवाल्यानं विचारलं, उतरवू का? त्यांनी मान हलवली. मशीन उतरलं. राधाक्का ते पुन्हा वर जाऊ नये म्हणून त्याच्याजवळच उभी राहिली.

मालक माझ्यासमोर आले. वाटलं, आता शिव्या देतील, किंवा पाया पडतील. दोन्हीतलं काही नाही. अगदी मनापासून, लहान मुलाला प्रश्न पडावा तसं, त्यांनी विचारलं, “मग तिथं मला भाकरी कोण करून घालणार?”

मागे कुठल्यातरी दारातून एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या आळीभर हसू पसरलं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुरुष खाली बघत होते.

मला हसू आलं नाही. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. मी आत गेले, लहान परात आणली आणि त्यांच्या हातात दिली.

“पीठ आधी चाळून घ्यायचं,” मी म्हटलं. “पाणी आधणाचं घ्या, ज्वारीला गार पाणी चालत नाही. थोडं थोडं घालायचं. तळहातानं रगडून मळायचं, घाई करायची नाही, नाहीतर थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं.”

“किती वेळ ठेवायची?” त्यांनी विचारलं.

“पाणी वाळेपर्यंत. मग उलटायची.”

त्यांनी परात काखेत धरली आणि तोंडातल्या तोंडात ते सगळं पुन्हा म्हणत गाडीत चढले.